अस्सल कॉम्प्युटरमध्ये, नक्कल फोनमध्ये

बाळांनो, आज्जीने फोनमधली पासवर्डांची फाइल पुसली आणि मग दिवसभर घर डोक्यावर घेतलं, ही गोष्ट तुमच्या बाबाने तुम्हाला हसत हसत सांगितली असेल. त्याच्या गोष्टींत मी नेहमी एक गमतीदार म्हातारी असते. म्हणून हे मी स्वतः लिहिते आहे. यात हसण्यासारखं थोडंच आहे, आणि ज्या भागाची मला अजून शिसारी येते तो मी तुमच्या बाबाला सांगितलेलाच नाही.

आधी माझी पद्धत सांगते, कारण सगळं त्या पद्धतीतून घडलं.

माझी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. जुने कागद सांभाळायचे आणि मागेल त्याला नकला द्यायच्या, हे काम. तिथला नियम सोपा होता. अस्सल प्रत एकच, आणि ती कक्षाच्या बाहेर जाणार नाही. नकला हव्या तेवढ्या काढा, पण नकलेवर कुणी एक अक्षर लिहायचं नाही. लिहिलेलं सापडलं तर ती नक्कल फाडायची आणि अस्सलवरून नवी काढायची. पासवर्ड ठेवायची कुलूपबंद फाइल तुमच्या बाबाने मला करून दिली, तेव्हा मी हाच नियम तिला लावला. अस्सल कॉम्प्युटरमध्ये, नक्कल फोनमध्ये. नवीन काही लिहायचं ते कॉम्प्युटरवर. फोन फक्त बाहेर गेल्यावर बघण्यासाठी.

नक्कल ताजी करायची पाण्याच्या दिवशी. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा पाहिलं आहे. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि त्या दिवशी घर सोडता येत नाही. मोटार लावायची, टाकी भरेपर्यंत थांबायचं, मग पिंप, मग हंडे. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मी फोन वायरने कॉम्प्युटरला जोडायची, फोनमधली जुनी फाइल पुसायची आणि नवी टाकायची. गेली चार वर्षं यात एकदाही चूक झाली नव्हती.

आणि याचा मला गर्व होता. का नसावा? आजूबाजूला बघून मळमळायचं. आमच्या इमारतीतले एक निवृत्त मुख्याध्यापक पेन्शनचा पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावतात, वर मोसंबीच्या आकाराचं चुंबक. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आपला पासवर्ड दिनदर्शिकेवर, गॅस सिलिंडर आल्याच्या तारखेखाली लिहिला आहे. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे तर नर्स खिडकीतून दुसऱ्या नर्सला कॉम्प्युटरचा पासवर्ड ओरडून विचारते, आणि दुसरी ओरडून सांगते. बाकावर बसलेल्या आम्हा सगळ्या रोग्यांना तो पाठ आहे.

आता ज्या मुलीमुळे ही गोष्ट घडली तिच्याबद्दल. आपल्याकडे सकाळी भाकरी करायला येतात त्या बाई तुम्हाला आठवत असतील. तुम्हाला कडक भाकरीचे तुकडे डब्यात भरून द्यायच्या त्या. त्यांचा नवरा टॉवेलच्या मागावर काम करतो. घरात तेलुगू बोलतात, बाहेर सोलापुरी मराठी. त्यांची मुलगी यंदा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला सरकारी पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करायचा होता. खासगी कॉलेजचा प्रश्नच नव्हता. सरकारीत जागा मिळाली नाही तर काय, तेही ठरलं होतं. तिची आत्या शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम करते, आणि तिने सांगून ठेवलं होतं की एक मशीन रिकामं आहे, पोरीला पाठवून द्या.

प्रवेशाचा अर्ज वेबसाइटवर होता. कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने भरून ठरलेल्या गुरुवारी पाच वाजेपर्यंत पक्की करायची. ते झालं नाही तर त्या फेरीतून बाहेर, आणि सरकारी जागा पहिल्या फेरीतच संपतात. त्याच आठवड्याच्या मंगळवारी दुपारी मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली, कारण सूचना सगळ्या इंग्रजीत होत्या. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. वीज गेलेली होती, त्यामुळे तिने माझ्या फोनवरच वेबसाइट उघडली आणि माझ्या डोळ्यांदेखत पासवर्ड टाकला. तिचं नाव, ॲटची खूण आणि एक-दोन-तीन.

"हा पासवर्ड आहे?" मी म्हटलं.

"अख्ख्या वर्गाचा असाच हाय आज्जी. आपापलं नाव आन पुढं एक-दोन-तीन. मॅडमनी शाळेतच सगळ्यांचं भरलं. सोपं जावं म्हणून."

"सोपं कुणाला? चोराला?"

"माझा अर्ज चोरून चोर काय करणार? पॉलिटेक्निकला जाणार व्हय?"

स्वयंपाकघरात तिची आई हसली. मीही हसायला हवं होतं. पण मला तो पासवर्ड उष्ट्या भांड्यासारखा वाटला, तसा ठेवून मला पुढे जाताच येईना. मी तो बदलायला लावला. फोनमधल्या फाइलने वीस अक्षरांचा नवा पासवर्ड बनवून दिला, त्यात एकही अर्थाचा शब्द नाही. पासवर्ड विसरला तर विचारायचा एक प्रश्न असतो, तुमच्या आवडत्या शिक्षकाचं नाव काय. मुलगी नाव टाकायला लागली, तर मी तिचा हात धरला. खरं उत्तर कधी द्यायचं नसतं, मी म्हटलं. तेही मी फाइलकडून बनवून घेतलं. चौदा अक्षरं, निव्वळ कचरा.

"वहीत लिहून घेऊ का आज्जी?"

"अजिबात नाही. कागदावर पासवर्ड लिहायचा नसतो. माझ्याकडे आहे ना."

तर अशा रीतीने, चार वर्षांत पहिल्यांदा, मी नकलेवर लिहिलं. मला ते टोचलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. वीज आली की कॉम्प्युटर लावायचा, फोनमध्ये बघून नवी नोंद अस्सल फाइलमध्ये करायची, असं मनाशी घोकत होते. चारच्या सुमारास वीज आली. मी चहा ठेवला, कॉम्प्युटर लावला, आणि तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

पाळी बुधवारची होती. मंगळवारी पाणी येणार हे कुणी कळवलं नव्हतं, आपल्याकडे कोण कळवतं? मी धावत जाऊन मोटार लावली. परत आले आणि टाकी भरेपर्यंत जे नेहमी करते ते केलं. वायर जोडली. फोनमधली फाइल पुसली. कॉम्प्युटरमधली त्या जागी टाकली. हात आपोआप चालले, मन टाकीकडे. मग पिंप भरलं, हंडे भरले, चहा उतू गेला होता तो पुसला, आणि नोंद करायची होती हे डोक्यातून साफ गेलं. पाण्याच्या दिवसाचं सगळं आटोपलं या समाधानात मी वाचत बसले.

गुरुवारी सकाळी मुलगी आली. कॉलेजांचा क्रम तिच्या शाळेतल्या मॅडमनी बुधवारी तपासून दिला होता, तेवीस नावं वहीत सुबक लिहिलेली. मी फोन उघडला. नोंद नाही. कॉम्प्युटर उघडला. नोंद नाही. तिच्या नावाने शोधलं, कॉलेजच्या नावाने शोधलं. आणि मग मंगळवारचं पाणी आठवलं.

स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"सापडंना व्हय बाई?"

"सापडेल," मी म्हटलं. सापडणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

तुमच्या बाबाला फोन केला. तुमच्याकडे अजून बुधवारची संध्याकाळ होती. मागे तुमचं भांडण चाललेलं ऐकू येत होतं.

"आई, तू फाइल पुसून का टाकतेस? दोन्ही फाइली एकमेकींत मिसळायची सोय आहे त्यात. मर्ज. मी सांगितलं होतं."

"तू 'रिप्लेस' म्हणाला होतास."

"पहिल्या दिवशी म्हणालो असेन. चार वर्षांपूर्वी."

"मग मी चार वर्षं तू सांगितलेलंच केलं."

"बरं. बॅकअप आहे का?"

"सात आहेत."

"अरे वा!"

"सगळे कॉम्प्युटरच्या फाइलचे."

त्याला हसू आलं. ते त्याने दाबलं, पण आईला ऐकू येतंच. सात बॅकअप, सातही तारखेनुसार लावलेले, आणि जी एक गोष्ट हवी ती एकातही नाही. माझ्या टापटिपीचं इतकं घाणेरडं चित्र मला कुणी शत्रूनेही काढून दाखवलं नसतं.

जुना एक-दोन-तीनवाला पासवर्ड अर्थातच चालेना. तो तसाच ठेवला असता तर मुलगी एव्हाना अर्ज भरून घरी गेली असती. आवडत्या शिक्षकाचं खरं नाव टाकलं. तेही चालेना, कारण खरं उत्तर द्यायचं नसतं हे मीच शिकवलं होतं. शेवटचा मार्ग, नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी. वेबसाइटने त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे दाखवले.

"हा आमचा जुना नंबर की," मुलीची आई म्हणाली. पिठाचे हात तसेच, दारात उभी. "पोरगी पाचवीत असताना शाळेत दिल्याला. तो बंद होऊन किती वर्षं झाली."

शाळेने रजिस्टरमधून उचलून तोच भरला होता. मुलगी म्हणाली, "कुणाचा तरी असंल आता तो. फोन लावून बघू का?" नंबर तिच्या आईला पाठ होता. फोन मी लावला, कारण मी नीट बोलेन असा सगळ्यांचा समज होता.

बोलण्यावरून वेळापूरकडचा वाटणारा कुणीतरी माणूस होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"नमस्कार," मी म्हटलं. "मी सोलापुरातून बोलते आहे. तुमच्याकडे जो नंबर आहे तो पूर्वी एका विद्यार्थिनीचा होता. तिच्या प्रवेशासाठी तुमच्या फोनवर आता एक सहा आकडी क्रमांक येईल. तेवढा कृपा करून..."

"ओटीपी?"

"हो, पण..."

"ओ ऐका की! म्हातारी ओटीपी मागती हाय!" हे मला नव्हतं, शेजारच्या कुणाला तरी होतं. मग मला म्हणाला, "आवाज बराय मावशी. शिकल्यालीचा काढलाय. आजवर पोरं फोन करत होती, आता आज्ज्या ठेवल्या व्हय कामाला?"

"अहो, मी स्वतः सगळ्यांना सांगते की ओटीपी कुणाला देऊ नका..."

"मग बरोबर सांगता की. न्हाय देत." आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागला नाही. त्याचं काही चुकलं नाही. पण त्याच्या तोंडचे शब्द माझ्या अंगाला चिकटून बसले. आमच्या महिला मंडळात ओटीपीच्या फसवणुकीवर मी दोनदा बोलले आहे, हातात कागद न घेता.

मग राहिलं मदत केंद्र. ते एका कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर. मुलीच्या आईने भाकऱ्या तशाच झाकल्या आणि आम्ही तिघी रिक्षाने गेलो. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, थुंकू नये लिहिलेल्या पाटीवर तर खास नेम धरून. कठड्याला हात लावावा तर तोही चिकट. मी पदर नाकाला लावून चढले. वर साठ-सत्तर मुलंमुली, त्यांचे आईबाप, एक पंखा, आणि तीन खिडक्यांपैकी एक उघडी. आम्ही साडेअकराला रांगेत लागलो. दोन वाजता खिडकी जेवणासाठी बंद झाली. तीनला उघडली.

आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतला माणूस उठून उभा राहिला.

"मॅडम! तुम्ही? अहो, आत या, आत या. खुर्ची द्या मॅडमना."

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो माझ्या हाताखाली शिकायला होता. मला तो आठवत नव्हता, पण मी आठवत असल्यासारखं हसले. मला खुर्ची मिळाली, आत, टेबलाच्या त्याच्या बाजूला. स्टीलच्या पेल्यात पाणी आलं. मुलगी आणि तिची आई समोर उभ्या.

नवा पासवर्ड मिळावा म्हणून आम्ही रांगेत लिहिलेला अर्ज त्याने वाचला. "पासवर्ड कुणी बदलला?"

मी पेला खाली ठेवत होते. मी बोलणारच होते, असं मी गेले कित्येक आठवडे स्वतःला सांगते आहे. पण मुलीची आई आधी बोलली.

"पोरीनं, साहेब. चुकून झालं."

हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला लाज वाटू नये म्हणून ती तसं म्हणाली, की परक्या बाईने बदलला असं कळलं तर साहेब आणखी कागद मागेल म्हणून, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

तो मुलीकडे वळला. "एक पासवर्ड सांभाळता येत नाही, आणि डिप्लोमा करणार? तिथे काय आई येणार आहे? ह्या मॅडम बसल्यात ना, ह्यांच्याकडून शीक जरा. आख्ख्या नोकरीत एक कागद हरवला नाही ह्यांचा. आम्ही घाबरायचो ह्यांना."

रांगेतली दोन पोरं हसली. मुलगी खाली बघत उभी राहिली. आणि मी, बाळांनो, पेला उचलला आणि उरलेलं पाणी प्यायले.

तेवढंच घडलं. मी काही खोटं बोलले नाही. नुसती खुर्चीत बसून राहिले, चांगली नेसलेली, केस विंचरलेली, आणि माझं कौतुक दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडावर मारलं जात असताना ते मला आवडलंही, क्षणभर. जिन्यातल्या पिचकाऱ्यांची आठवण आज आली तर फार काही वाटत नाही. त्या पाण्याच्या घोटाची आठवण आली की जेवण जात नाही.

आईची सही, आधार कार्डाची झेरॉक्स, शाळेचा दाखला. पावणेचारला खातं उघडलं आणि त्याने कीबोर्ड मुलीकडे सरकवला. "टाक नवा पासवर्ड." सवयीने मी पुढे वाकले. मुलीने डावा हात पसरून कीबोर्डवर आडवा धरला आणि त्याच्या आडून टाइप केलं. सावकाश, दोनदा. मग वही उघडून तिने तेवीस नावं भरली, एकेक वाचून. चार वाजून वीस मिनिटांनी अर्ज पक्का झाला.

रिक्षात मी म्हटलं, "पासवर्ड सांग, घरी गेल्यावर कॉम्प्युटरमध्ये..."

"नको आज्जी. माझा मीच ठेवते."

"असं बोलत्यात व्हय मोठ्यांशी?" तिची आई तिला म्हणाली आणि पुढे तेलुगूत काहीतरी झापलं. मुलगी रस्त्याकडे बघत राहिली. मला राग आला होता, हे कबूल करते. घरापर्यंत टिकला.

त्या रविवारी तुमच्या बाबाने लांबून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळी व्यवस्था बदलली. आता कुठेही लिहा, दोन्हीकडे आपोआप पोहोचतं. फाइल कुठल्यातरी परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर बसलेली असते, याची मला घाण वाटते, पण मी सही केल्यासारखी मान डोलावली. तिसऱ्याच दिवशी तिथे एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या, एकीपुढे 'संघर्ष' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आणि तारीख. दोन्ही अर्ध्या खऱ्या. अस्सल कुठली, विचारलं तर तुमचा बाबा म्हणतो, "आई, अस्सल अशी कुठलीच नसते आता." हे वाक्य त्याने किती सहज टाकलं! मी दोन्ही उघडून, शेजारी शेजारी लावून, एकेक नोंद ताडून पाहिली. दीड तास गेला. पाणी आलं तेही उशिरा कळलं, टाकी अर्धीच भरली.

जागावाटपाची यादी पुढच्या आठवड्यात लागली. संध्याकाळी मुलगी आली, आईच्या मोबाइलवर वेबसाइट उघडलेली. पासवर्ड टाकताना पुन्हा तोच डावा हात आडवा. या वेळी मी आपण होऊन खिडकीकडे तोंड केलं.

"बघा आज्जी."

सरकारी पॉलिटेक्निक, दुसऱ्या पसंतीची शाखा. सोलापुरातलंच. तिच्या आईने माझ्यासमोरच आत्याला फोन लावला आणि मशीन दुसऱ्या कुणाला देऊन टाक म्हणून सांगितलं, ते ओरडून, दोनदा, दोन भाषांत.

मी मुलीला म्हटलं, "त्या दिवशी मदत केंद्रात मी बोलायला हवं होतं. पासवर्ड मी बदलला होता."

नाही हो आज्जी, असू द्या, असं ती म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. सगळे म्हणतात. तिने मोबाइलवरून नजर वर केली.

"व्हय. बोलायला पायजे होतं की तुमी. ती पोरं आमच्याच वर्गातली होती." मग तिने बोटाने पान वर सरकवलं. "हितं कागदपत्रांची यादी हाय. इंग्रजीत हाय. वाचून दाखवा."

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.